कार्ड शाबूत, वाय-फाय गायब

लॅपटॉपचं वाय-फाय गेलं आणि तो घेऊन दुकानात गेलं, की निदानं दोनच मिळतात. पहिलं, "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट मारूनही वाय-फाय आलं नाही, तर दुसरं, "बोर्ड गेलाय," म्हणजे मदरबोर्ड. पहिल्यात पाचेकशे रुपये जातात. दुसऱ्यात माणूस लॅपटॉपवरच पाणी सोडतो. या दोन निदानांच्या मधे एक तिसरी जागा आहे. बिघाड कितीदा तरी तिथंच असतो, आणि तिथं जवळजवळ कुणी बघतच नाही. मी आयटीआयमध्ये कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, या ट्रेडला शिकवते, त्यामुळे मुलामुलींचे असे 'बोर्ड गेलेले' लॅपटॉप माझ्या टेबलावर येत असतात. गेल्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीतल्या ऋतुजाचा आला, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

ऋतुजा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप जुना, कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून निघालेला, तिच्या वडिलांनी सांगलीतच चौदा हजारांना घेतलेला. "काकू, वाय-फायचं चिन्हच गेलंय, नुसतं विमान दिसतं," असं म्हणत ती आली. दुकानात फॉरमॅट झालं होतं. त्यानंतर एक-दोन दिवस सगळं सुरळीत चाललं, मग चिन्ह परत गायब. दुसऱ्या खेपेला बोर्डाचा खर्च सात-आठ हजार सांगितला गेला. चौदा हजारांच्या वस्तूला आठ हजार कोण घालणार? वडील म्हणाले होते, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षापर्यंत पोरीनं प्रोजेक्ट कशावर करायचा, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

मी विंडोजमधली उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडला. नेटवर्क अडॅप्टर्सच्या यादीत वाय-फाय चालवणाऱ्या वायरलेस कार्डाचं नाव होतं आणि त्यावर पिवळा त्रिकोण. डबल क्लिक केल्यावर खाली ओळ होती, 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड टेन'. ती वाचून मला हायसं वाटलं. कार्ड खरोखर मेलेलं असतं किंवा बोर्डावरचा त्याचा स्लॉट गेला असता, तर बहुधा यादीत नावच दिसलं नसतं. नाव दिसतंय म्हणजे बोर्डानं विचारलं, 'तू कोण', आणि कार्डानं आपला कंपनी क्रमांक आणि मॉडेल क्रमांक सांगितला. एवढा संवाद झाला म्हणजे दोन्ही बाजू जिवंत आहेत. अडलंय ते त्याच्या पुढच्या पायरीवर.

ती पायरी नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच होतो.

वायरलेस कार्ड म्हणजे नुसता रेडिओ नाही. त्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावर स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची थोडीशी मेमरी असते, आणि त्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. हा प्रोग्रॅम लागतोच कशाला? वाय-फायमध्ये माहितीचं एक पॅकेट मिळालं की लगेच पोच द्यावी लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती पोच १० मायक्रोसेकंदांच्या अंतरानं निघावी लागते, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १६. पोच गेली नाही तर राउटर समजतो की पॅकेट पोहोचलंच नाही, आणि तेच पुन्हा पाठवत बसतो. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर कितीही वेगवान असो, नेमक्या त्या क्षणी तो दुसऱ्या कामात नसेलच याची हमी देता येत नाही. म्हणून ही कामं कार्डानं कार्डावरच उरकायची. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'मी इथं आहे' अशी हाळी देतो. बॅटरी वाचावी म्हणून कार्ड दोन हाळ्यांच्या मधे डुलकी काढतं आणि हाळीच्या वेळेला बरोबर उठतं. ब्लूटूथही बहुतेक वेळा त्याच कार्डावर आणि त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतं, तेव्हा बोलायची पाळी कुणाची हेही ठरवावं लागतं. हा सगळा कारभार फर्मवेअरचा.

आणि बहुतेक कार्डांमध्ये हा प्रोग्रॅम कायमचा साठवलेला नसतो. वीज गेली की कार्डाची पाटी कोरी. लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि कार्ड यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम, हार्ड डिस्कवरून फर्मवेअरची फाइल उचलतो, कार्डाच्या मेमरीत ओततो आणि त्याला म्हणतो, आता ऊठ. विंडोजमध्ये ही फाइल ड्रायव्हरच्या पॅकेजमध्येच येते. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती लिब-फर्मवेअर या फोल्डरमध्ये वेगळी दिसते. ओतताना काही बिनसलं, किंवा ओतलेल्या प्रोग्रॅममध्येच खोट असली, तर कार्ड उठत नाही किंवा उठून कोसळतं. काउंटरवरच्या माणसाला हे हार्डवेअर गेल्यासारखं दिसतं. हार्डवेअर ठणठणीत असतं.

पण 'ठणठणीत असतं' हे सिद्ध करावं लागतं. मागचे स्क्रू काढून मी झाकण उघडलं. २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असं ते कार्ड एका बारीक स्क्रूनं धरलेलं होतं. त्यावर दोन इवल्या सोनेरी बटणांसारखे सॉकेट, त्यांत एक काळी आणि एक पांढरी वायर. या वायरी बिजागरीतून वर स्क्रीनच्या चौकटीत जातात, अँटेना तिथं असतात. वायर निसटली असेल तर सिग्नल क्षीण होतो, कार्ड नाहीसं होत नाही. तरीही दोन्ही नखानं हलकेच उचलून परत दाबल्या. बसताना बोटाला बारीकसा 'टक' जाणवतो, तो जाणवला. कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या. पावसाळ्यात आमच्याकडे ही गोष्ट करून बघायलाच हवी. फरक पडला नाही.

मग पेन ड्राइव्हवरून उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, सुरू केलं. हार्ड डिस्कला हात न लावता दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवून बघणं ही दुकानदाराला फुकटात करता येण्यासारखी चाचणी आहे, आणि ती न करता कुणाचा बोर्ड मेल्याचं सांगू नये असं माझं ठाम मत आहे. तर उबंटूतही वाय-फाय आलं नाही. डी-मेसेज ही कमांड दिली. कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, रोजनिशी समोर आली आणि तिच्यात लिहिलं होतं की कार्ड सापडलं, फर्मवेअरची फाइल सापडली, ती कार्डाकडे पाठवली, पण कार्डाकडून उत्तर नाही, वेळ संपला.

दोन वेगळ्या सिस्टीममध्ये तेच घडलं म्हणजे हार्डवेअरच गेलं, असा निष्कर्ष इथं सहज निघाला असता. पण मधे एक गोष्ट असते आणि ती फार जणांना ठाऊक नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली की 'शट डाउन' केल्यावर लॅपटॉप पुरता बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि कार्डं वगैरे अर्धवट अवस्थेत सोडली जातात. उलट 'रीस्टार्ट' केलं तर सगळं पहिल्यापासून उभं राहतं. लोकांना वाटतं बंद करून चालू करणं म्हणजे जास्त खोल विश्रांती, आणि इथं नेमकं उलटं आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स असलं की विंडोजनं असं अर्धवट सोडलेलं कार्ड लिनक्सला उठवता येत नाही, ही चांगली परिचयाची अडचण आहे.

म्हणून शिफ्टचं बटण दाबून ठेवून शट डाउन केलं. तसं केलं की विंडोज खरंच पूर्ण बंद होतं. चार्जर काढला, बॅटरीचं कनेक्टर सोडवलं, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून उरलासुरला चार्ज जाऊ दिला. मग सगळं जोडून परत उबंटू. या वेळी रोजनिशीत उत्तर आलं. फर्मवेअर चढलं, त्याची आवृत्ती छापली गेली, आणि आसपासच्या सगळ्या घरांच्या वाय-फायची नावं यादीत झरझर उतरली. ऋतुजा शेजारी बसली होती, ती एकदम म्हणाली, "काकू, आमचं दिसतंय!" संध्याकाळभर तो लॅपटॉप तसाच चालू ठेवला. झोपवला, उठवला, मोठ्या फाइली उतरवल्या, ब्लूटूथवर गाणी लावली. एकदाही अडला नाही. आता कार्डाबद्दल आणि बोर्डाबद्दल शंका उरली नव्हती.

विंडोजमध्ये गेल्यावर मात्र वाय-फाय आलं, आणि लॅपटॉप झोपवून उठवल्याबरोबर परत गेलं. कोड टेन. इथं मला फॉरमॅटनंतरचे ते चांगले गेलेले एक-दोन दिवस आठवले. नव्यानं टाकलेल्या विंडोजसोबत आधी जुना ड्रायव्हर येतो. नंतर विंडोज अपडेट मागच्या मागं नवा आणून बसवतं, आणि त्यासोबत नवं फर्मवेअर. ड्रायव्हरच्या गुणधर्मांत तारीख बघितली, अपडेटच्या इतिहासातली तारीख बघितली, दोन्ही जुळल्या. फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडून त्याचं इंटरनेट घेतलं (वाय-फाय नसताना हा उपाय फार उपयोगी पडतो), लॅपटॉपच्या कंपनीच्या मदत विभागातून त्या मॉडेलचा आधीचा ड्रायव्हर उतरवला, नवा काढून तो बसवला, आणि तेच अपडेट पुन्हा येऊ नये म्हणून ते लपवून ठेवलं. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची संगणकाला मुभा द्यावी का, असं विचारणारा जो चौकोन असतो, त्यातली खूण काढली. फास्ट स्टार्टअपही बंद केलं. लॅपटॉप तेव्हापासून चालतो आहे. खर्च शून्य.

हे सगळं जमलं याचा आनंद आहेच. पण माझ्या मनात राग राहिला, आणि तो कशाबद्दल ते सांगते.

मी बिघाडाची जागा शोधली. बिघाड दुरुस्त केला नाही, तो मला करताच आला नसता. मी आतलं वाचता न येणारी एक बंद फाइल काढून तशीच दुसरी बसवली. नव्या फाइलीत काय बदललं, झोपेतून उठताना कार्ड का कोसळतं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ड्रायव्हरसोबतच्या टिपणात एवढंच होतं की काही त्रुटी दूर केल्या आणि स्थिरता वाढवली. कार्ड ऋतुजाच्या वडिलांनी पैसे मोजून घेतलेलं आहे. त्याच्यावर चालणारा प्रोग्रॅम वाचायचा हक्क मात्र त्यांना नाही, मला नाही, उबंटू बनवणाऱ्यांनाही नाही. जुना ड्रायव्हर कंपनीनं उद्या काढून टाकला, तर तोही मिळणार नाही.

हा राग नवा नाही, आणि माझ्या एकटीचा तर नाहीच. २००६ साली लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत ब्रॉडकॉमच्या वायरलेस कार्डांसाठी ड्रायव्हर आला, तो कंपनीच्या मदतीशिवाय. काही जणांनी असलेल्या ड्रायव्हरचं वागणं उलगडून त्याचं लेखी वर्णन केलं आणि वेगळ्या लोकांनी ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. एवढे कष्ट करूनही फर्मवेअर वाटायची परवानगी त्यांना नव्हती. मग बी४३-एफडब्ल्यूकटर नावाचं साधन आलं. ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कापून काढून वापरणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवर ठेवायचं. त्या काळात लॅबमध्ये लिनक्स टाकलेल्यांना आठवत असेल, ही फाइल उतरवायला इंटरनेट लागायचं आणि इंटरनेट यायला ही फाइल लागायची. लांबलचक लॅन केबल घेऊन मी कॉरिडॉरमधून फिरलेली आहे. डेबियन या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारानं तर बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये न घेण्याचं तत्त्व वर्षानुवर्षं पाळलं. शेवटी २०२२ साली तिथल्या सदस्यांनी मतदान करून ते घ्यायचं ठरवलं, आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत मिळतं. माझ्या विद्यार्थ्यांची सोय झाली, हे मी मान्य करते. तरी ज्यांनी तो आग्रह इतकी वर्षं धरला, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. त्यांनी धरला म्हणून तरी हा प्रश्न चर्चेत राहिला.

कंपन्यांची बाजू म्हणून रेडिओचे नियम सांगितले जातात. कुठल्या देशात कुठल्या पट्ट्यात किती शक्तीनं प्रक्षेपण करायचं ते ठरलेलं असतं आणि ते पाळणं बऱ्याच अंशी फर्मवेअरच्या हाती असतं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८मध्ये. नियम हवेतच, कुणीही विमानतळाच्या रडारमध्ये खरखर करावी असं माझं म्हणणं नाही. पण त्या नियमांचा त्रासही सामान्य माणसालाच भोगावा लागतो. अमेरिकेत वाय-फाय चॅनेल १ ते ११ वापरतात, आपल्याकडे १२ आणि १३ सुद्धा चालतात. तिकडून आलेल्या जुन्या लॅपटॉपच्या कार्डात अमेरिकेचा देश-कोड पक्का बसवलेला असला आणि घरच्या राउटरनं आपण होऊन १३ नंबर निवडला, तर घरातले सगळे फोन चालतात आणि तेवढ्या एका लॅपटॉपला घरचं वाय-फाय दिसतच नाही. शेजाऱ्यांचं दिसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ केलं की काम होतं. सेकंडहँड लॅपटॉप घेतलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

कार्डच बदलून टाकू म्हटलं, तर तेही दर वेळी जमत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुनी कार्डं मिळतात. पण काही नावाजलेल्या कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, ठरावीक कार्डांचीच यादी असते. दुसरं बसवलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही, 'हे कार्ड अधिकृत नाही, काढा' म्हणून अडून बसतो.

आणि प्रश्न फक्त सोयीचा नाही. २०१७ साली ब्रॉडपॉन नावानं जी त्रुटी उघड झाली ती ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपच्या फर्मवेअरमधली होती. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत त्या चिपा होत्या, आणि फोनधारकानं कशावरही बोट न ठेवता, नुसतं वाय-फायच्या टप्प्यात आल्यावर हल्ला शक्य होता. अशी त्रुटी बुजवायला फर्मवेअरची नवी फाइल लागते, आणि ती कंपनी देईल तेव्हाच. ज्या मॉडेलकडे कंपनीनं पाठ फिरवली ते उघडंच राहतं. आमच्याकडे पोरं वापरतात ती मॉडेलं नेमकी हीच.

दुसरा रस्ता आहे, हे २०१३ साली दिसलं. क्वालकॉम अथेरॉसनं आपल्या एआर९२७१ या यूएसबी चिपच्या फर्मवेअरचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, खुला केला. कोणीही वाचावा, बदलावा, पुन्हा बांधावा. त्यामुळे रेडिओचे नियम मोडीत निघाले, असं काही झालं नाही.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आमच्या लॅबमधली बरीच मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत, म्हणून एकेक करून त्यांवर लिनक्स टाकतो आहोत. हे काम मुलंच करतात. प्रत्येक मशीनवर एलएसपीसीआय ही कमांड देऊन कार्डाचा कंपनी क्रमांक आणि मॉडेल क्रमांक वहीत लिहायचा, फर्मवेअरची कुठली फाइल चढली तिचं नाव लिहायचं, आणि ती फाइल लॅबच्या डिस्कवर जपून ठेवायची, हा नियम केलाय. अशी एक फाइल मी वर्गात उघडून दाखवली. पडदाभर निरर्थक अक्षरं, मधेच वाचता येण्याजोगा एखादा इंग्रजी शब्द. एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग ज्यानं लिहिलंय त्याच्याकडे तरी वाचता येण्यासारखं असेल ना?" असतं. नक्कीच असतं.

तसं वाचता येण्यासारखं फर्मवेअर या वर्षी मुलांना दाखवायचं ठरवलंय. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या, म्हणजे यूएसबीला लावायच्या वाय-फाय तुकड्याच्या, पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ चिप आहे. नाव तेच ठेवून पुढच्या आवृत्त्यांमध्ये चिप बदलली, त्यामुळे मागच्या स्टिकरवर आवृत्तीचा आकडा वाचूनच घ्यावा लागतो. दिवाळीत पुण्याला गेले होते तेव्हा तपकीर गल्लीत एक मिळाला. सोर्स उतरवून झालाय. त्यातून जी फाइल तयार होते ती जेमतेम पन्नासेक किलोबाइटची. पण आधी त्या चिपमधल्या एक्सटेन्सा प्रोसेसरसाठीचा कंपायलरच, म्हणजे सोर्सपासून चालणारी फाइल बनवणारा प्रोग्रॅम, बांधावा लागतो, आणि आमच्या लॅबच्या मशीनवर तो बराच वेळ खाणार. म्हणून प्रात्यक्षिक शनिवारी ठेवलंय. सकाळी आल्या आल्या कंपायलर लावून द्यायचा, तोवर मुलांनी सोर्समधला झोपण्या-उठण्याचा भाग काढून वाचायचा. ऋतुजा आमच्या आयटीआयची नाही, पण तिनं विचारलं, मी येऊ का. ये म्हटलंय, लॅपटॉप घेऊन ये.